अंगठ्याखालचा आवाज

बाळासो पहिल्यांदा आमच्या रानात मेंढरं घेऊन आले, तेव्हा मी या घरात नवी सून होते. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठावर. जिकडं बघावं तिकडं ऊस. दिवाळी झाली की जतकडच्या कोरड्या माळावरून धनगरांची मेंढरं आमच्याकडं उतरतात. ऊस तुटून गेलेल्या रानात चार दिवस त्यांचा तळ पडतो. मेंढरांना पाला मिळतो, रानाला लेंडीखत. माझे सासरे लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात. माणूस जवळ करायला ते वेळ घेतात, पण बाळासोंशी त्यांचं पहिल्या संध्याकाळीच जमलं. त्याला कारण बाळासोंचा आवाज.

शेजारच्या उभ्या उसाकडं मेंढरांनी तोंड वळवलं की बाळासो जागचे हलायचे नाहीत. कानाशी हात नेऊन तिथूनच हाळी द्यायचे, "हाऽऽ हिर्र, हिर्र, हाऽऽ!" आणि शंभर-दीडशे मेंढरांचा तो लोंढा जागीच वळायचा. रात्रीची जेवणं झाली की ढोल घेऊन बिरोबाची ओवी म्हणायचे. वस्तीवरच्या बायका भांडी तशीच टाकून बांधावर येऊन बसायच्या. मीही त्यात असायची.

बाळासो शाळेत गेले नव्हते. त्यांच्या मुलानं, जोतिबानं, त्यांना मोबाईल घेऊन दिला. जोतिबा कोईमतूरला गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी वितळवायचं काम. फोनवरची अक्षरं बाळासोंच्या काही कामाची नव्हती. मग जोतिबाची बायको शिवांजली हिनं त्यांना दाखवून दिलं, की हे माईकचं चित्र दाबून धरायचं, बोलायचं आणि सोडून द्यायचं. तेव्हापासून बाळासोंचा फोन थांबलाच नाही. मुलाला, सुनेला, गावाकडं राहिली तर बायकोला आणि आमच्या तात्यांना त्यांचे बोलके मेसेज यायचे. अर्धा मेसेज माणसाला असायचा, अर्धा मेंढरांना.

"तात्या, रामराम. आमी आता तासगावच्या फुडं हाय. येत्या सोमवारी तुमच्यात... हाऽऽ हिर्र, हिर्र! आगं कुठं शिरतीयास, द्राक्षं हायती ती! ...तर सोमवारी येतो."

तात्या ते आम्हाला मोठ्यानं लावून ऐकवायचे आणि घरभर हशा पिकायचा.

करोनाचं सावट सरलं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बाळासोंचा मेसेज आला आणि तात्यांनी तो दोनदा लावला. आवाज फाटलेला होता. वाळक्या पाल्यावरून कुणी पाय ओढत जावं तसा.

"ह्या माणसाच्या घशात कायतरी झालंय," तात्या म्हणाले.

मेंढरं आमच्या रानात उतरली तेव्हा बाळासोंनी ते उडवून लावलं. "धुरळा हाय रस्त्यानं. हळद-दूध घेतोय की."

"कवापास्नं बसलाय आवाज?"

"बेंदरापास्नं."

बेंदूर म्हणजे आषाढ. आणि आता मार्गशीर्ष लागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी गाडी बाहेर काढली आणि बाळासोंना म्हणाले, "बस."

कराडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून एक बारीक नळी आत सोडली. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. समोरच्या पडद्यावर बाळासोंना स्वतःचा गळा आतून दिसला. ते नंतर मला सांगत होते, "वैनी, आपल्याच गळ्यात आपुन उतरल्यागत झालं. आन् तिथं एक पांढरी गाठ बसली व्हती. मला तिचं नाव ठावं नव्हतं, पर डाक्टरांच्या तोंडाकडं बघितलं आन् कळलं."

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पुढच्या तपासण्या झाल्या. कर्करोग होता, आणि तो स्वरयंत्र पोखरून बाहेर निघाला होता. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र सगळंच काढावं लागणार होतं. बिड्यांचा हात त्यात होता, हे डॉक्टरांनी न रागावता सांगितलं. बाळासोंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग मेंढरं कशी वळायची?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माया मॅडमना बोलावलं. आवाज गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, सावकाश बोलणाऱ्या. बाळासोंची बायको मनुबाई शेजारी बसली होती. मॅडमनी दोघांनाही एका कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. ऑपरेशननंतर श्वास नाकातोंडानं नाही, गळ्याला पाडलेल्या एका भोकातून चालेल. काही महिन्यांनी त्या भोकाच्या आत, श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधल्या पडद्यात, भोपळ्याच्या बीएवढी एक झडप बसवता येते. भोकावर अंगठा दाबला की छातीतला वारा त्या झडपेतून अन्ननळीत जातो, ती थरथरते आणि तिचाच आवाज होतो. जीभ आणि ओठ त्याचे शब्द करतात.

"आवाज जाड येईल, घोगरा," मॅडम म्हणाल्या. "बोलता येईल. पण हाळी देता येईल का, ते मला आज सांगता येणार नाही."

हे खोटं न बोलणं बाळासोंना बरं वाटलं. तिथंच त्यांनी होकार दिला.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ते दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसले आणि एकेकाला मेसेज पाठवत गेले. तात्यांना आला तो असा: "तात्या, मेंढरं बिराप्पाकडं हायती. रानाचं बोलनं त्येच्याशीच करा. रामराम." एवढंच. बिराप्पा म्हणजे त्यांचा जोडीदार, सीमेपलीकडच्या गावचा, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारा. सगळे मेसेज झाल्यावर मनुबाई म्हणाल्या, "आन् मला?" बाळासो त्यांच्याकडं बघत राहिले. मग फोन तोंडाशी धरून म्हणाले, "मनू." परत एकदा, "मनू." लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, पण चारचौघांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. हे मनुबाईंनी मला पुढं कधीतरी सांगितलं, पदर तोंडाला लावून.

ऑपरेशन नीट झालं. पाठोपाठ किरणोपचार झाले. बाळासो जगले. पण मधले ते महिने फार कठीण गेले. बोलता येत नव्हतं आणि लिहिताही येत नव्हतं. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं मनुबाईंना कळायचं, बाकी कुणाला नाही. चिडले की ताट सरकवायचे. हसताना आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलायचे. पण त्या दिवसांत ते हसत तरी कुठं होते!

फोन मात्र त्यांनी सोडला नाही. ते फोटो पाठवायला लागले. गावाहून मिरजेला निघाले की वाटेतल्या एसटी थांब्याच्या पाटीचा फोटो तात्यांना यायचा. पाटीवर काय लिहिलंय ते बाळासोंना वाचता येत नव्हतं, पण तात्यांना येत होतं. भरल्या ताटाचा फोटो आला की आज घास नीट उतरला असं आम्ही समजायचो. तात्या उत्तर बोलून पाठवायचे. ऐकायला तर येत होतं ना त्यांना.

थोडी ताकद आल्यावर ते बिराप्पाबरोबर माळावर जायला लागले. गळ्याच्या भोकाला धूळ चालत नाही, म्हणून त्यावर गाळणीची टोपी आणि वरून ओला पातळ रुमाल. एका दुपारी बिराप्पा पाण्याला गेला होता आणि मेंढरं डांबरी रस्त्याकडं निघाली. बाळासोंनी काठी आपटली, हात हलवले, ते पळाले. मेंढरं आपली चालतच राहिली. त्यांच्या लेखी तो कुणी हातवारे करणारा परका माणूस होता. समोरून पाण्याचा टँकर येत होता. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला म्हणून सगळी वाचली. बाळासो रस्त्याकडेच्या दगडावर बसले ते उठेनात. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शिवांजली त्या वेळी गावीच होती. सासरे असे बसलेले तिला बघवेना. ती आपल्या फोनमधले त्यांचे जुने मेसेज उघडून ऐकायला लागली. कधी आठवण आली तर ऐकावेत म्हणून तिनं एकही पुसला नव्हता. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, की जवळजवळ प्रत्येक मेसेजमध्ये हाळी आहे. तिनं फोनवरच त्यातली चांगली ठसठशीत हाळी तेवढी कापून वेगळी केली. शाळेतल्या बाई कमरेला बांधतात तसला लहान स्पीकर तिनं सांगलीच्या बाजारातून मागवून घेतला आणि माळावर नेऊन सासऱ्यांच्या गळ्यात अडकवला.

"मामा, हे बटन दाबा."

बाळासोंनी बटण दाबलं. "हाऽऽ हिर्र, हिर्र, हाऽऽ!"

चरणारी मेंढरं एकदम थांबली. माना वर झाल्या. मग म्हाताऱ्या मेंढ्या पुढं आणि बाकीच्या मागं अशी सगळी खांडच्या खांड त्यांच्याकडं धावत आली आणि त्यांच्या गुडघ्यांना घासायला लागली. बिराप्पा लांब उभा होता. तो ओरडला, "यप्पा!" आणि मटकन खाली बसला. बाळासो मेंढरांच्या मधोमध उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मनुबाई सांगतात, ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा ते रडले नव्हते.

पुढं झडप बसवायचा दिवस आला. मिरजेला माया मॅडमच्या खोलीत बाळासो, मनुबाई आणि शिवांजली. डॉक्टरांनी झडप बसवून दिली होती. मॅडमनी त्यांचा अंगठा धरून भोकावर नीट ठेवला. "दम घ्या. आता दाबा. आऽऽ म्हणा."

पहिल्यांदा नुसता वारा आला. मग खोकला. तिसऱ्या खेपेला खोल विहिरीतून यावा तसा एक जाड आवाज आला, "आऽऽ." मनुबाई दचकून उभ्या राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "छान. आता मनात येईल ते बोला."

बाळासोंनी दम घेतला, अंगठा दाबला. "बिराप्पाला... फोन लाव."

शिवांजलीनं लावला.

"हां, कोन?" पलीकडून बिराप्पा.

"मी."

"मी कोन? नाव सांग की."

"मी... बाळासो."

"गप ए! कुनाला खुळं करतोयास? त्यो बोलत न्हाई आता."

बाळासोंनी अंगठा काढला, मोठा दम घेतला आणि पुन्हा दाबला. "काळ्या मेंढीचा... पाय... बरा झाला का रं... गाढवा?"

पलीकडून बिराप्पा कानडीत भराभर काहीतरी बोलायला लागला. ते खोलीतल्या कुणालाच नीट कळलं नाही, पण सगळी हसत होती आणि मनुबाई डोळे पुसत होत्या. नंतर त्या माया मॅडमच्या पाया पडायला वाकल्या, तर मॅडमनीच त्यांना मिठी मारली.

बोलणं आलं, पण मेंढरांना हा नवा आवाज काही पटेना. बाळासोंनी अंगठा लावून हाक दिली की ती बिचकून चार पावलं मागं सरायची. शिवाय आवाज लांबवर पोचत नव्हता. स्पीकरमधल्या जुन्या हाळीला ती वळायची, पण ती हाळी एकच होती. थांबा, माघारी या, पाण्याला चला, हे वेगवेगळं तिच्यातून सांगता येत नव्हतं.

तोड मनुबाईंनी काढली. त्या म्हणाल्या, "आवं, कोकराला दुसऱ्या मेंढीचं दूध पाजायचं तर आदी वळखीचा वास लावतो न्हवं? तसंच करू." त्या स्पीकरला माईक जोडायची सोय होतीच. बाळासोंनी माईक गालाशी बांधला. आधी बटण दाबून जुनी हाळी लावायची, लगेच माईकवर नव्या आवाजात तीच हाक द्यायची आणि मेंढरं आली की बाभळीच्या शेंगा टाकायच्या. रोज सकाळ-संध्याकाळ हेच. हळूहळू जुनी हाळी बारीक करत नेली आणि नवी मोठी. म्हाताऱ्या मेंढ्यांनी फार वेळ घेतला. एकदोन तर अजूनही मान वाकडी करून बघतात. पण त्या हंगामात जन्मलेल्या कोकरांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी बाळासोंचा आवाज म्हणजे हाच. पहिल्यापासून ती त्या हाकेला उड्या मारत येत होती.

मध्येच जोतिबानं कोईमतूरहून आणखी एक गंमत पाठवली. त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी बाळासोंचे जुने मेसेज कॉम्प्युटरला ऐकवून त्यांचा आवाज तयार केला होता. आपण लिहायचं आणि त्यानं बाळासोंच्या जुन्या आवाजात बोलायचं. हुबेहूब होता. सगळी फोनभोवती गोळा झाली. तो आवाज म्हणाला, "मनू, भाकरी झाली का? मी येतोय." मनुबाईंनी क्षणभर ऐकलं आणि म्हणाल्या, "बंद कर बाई. ह्यो मानूस मदी दमच घेत न्हाई." बाळासो मात्र बराच वेळ खांदे हलवत हसत होते. मग अंगठा लावून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ठेव जपून. नातवंडांना... दावू."

दोन वर्षांच्या खंडानंतर गेल्या दिवाळीला त्यांची मेंढरं पुन्हा आमच्या रानात उतरली. तात्या सकाळपासून बांधावर खुर्ची टाकून बसले होते. आधी बिऱ्हाड लादलेली घोडी दिसली, मग मेंढरं आणि सगळ्यात मागं तोंडाला माईक लावलेले, गळ्याला रुमाल बांधलेले बाळासो. जवळ येऊन त्यांनी अंगठा गळ्याशी नेला. "रामराम... तात्या."

तात्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "आवाज जरा बसलाय गड्या तुझा."

बाळासो इतके हसले की त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला. तात्यांनी उठून त्यांचा हात धरला आणि चहा येईपर्यंत सोडला नाही.

गेलेलं सगळं परत आलंय असं नाही. ओवी गेली ती गेलीच. आता बिराप्पा म्हणतो, सूर सोडून म्हणतो, आणि बाळासो ढोलावर असतात. फार चुकलं की थाप मारून त्याला गप्प करतात. नाकानं श्वास नाही म्हणून वासही कळत नाही, त्यामुळं भाकरी करपली तरी पत्ता लागत नाही. कृष्णेच्या पाण्यात कमरेच्या पुढं उतरता येत नाही. धुळीचा दिवस असला की पुढं चालावं लागतं, मेंढरांच्या मागून नाही. पण ते यातलं काही तक्रार म्हणून सांगत नाहीत. एकदा माझ्याशी बोलताना म्हणाले, "वैनी, तात्यांनी गाडीत बसवलं. डाक्टरांनी दिवा घालून गाठ दावली. मॅडमनी बोलाय शिकवलं. सुनंनं हाळी सापडवली. ही झडप कुनी केली, त्यो कुठं ऱ्हातो, मला ठावं न्हाई. कुनाकुनाच्या पाया पडू?" मधेमधे दम घेत, अंगठा काढत-लावत हे सगळं बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

झडप काही महिन्यांनी बदलावी लागते. त्यासाठी ते मिरजेला जातात तेव्हा माया मॅडम त्यांना थोडा वेळ थांबवून घेतात. ऑपरेशन ठरलेली, घाबरलेली माणसं त्यांच्यासमोर आणून बसवतात. गेल्या पावसाळ्यातल्या खेपेला सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते, वीरधवलशेठ. पन्नाशीचे, अंगानं थोराड. ऑपरेशनला नाही म्हणून ते दोनदा घरी निघून गेले होते. घोगऱ्या आवाजात ते बाळासोंना म्हणाले, "तुमचं ठीक आहे हो. माझं कामच बोलण्याचं आहे. सौद्याला उभा राहिलो की बोलीवर बोली. आवाज गेला तर मी काय करू?"

बाळासोंनी अंगठा लावला. "माझं बी... बोलन्याचंच काम व्हतं."

"कुणाशी?"

"मेंढरांशी."

शेठ हसायला लागले. हसता हसता त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मग बाळासोंनी त्यांना सगळं विचारू दिलं. दुखतं का? झोप लागते का? जेवता येतं का? लोक बघतात का? शेवटच्या प्रश्नाला ते म्हणाले, "बघत्यात. बघू दे. दोन दिसांनी... कटाळत्यात." शेवटी गळ्यावरचा रुमाल काढून त्यांनी ते भोक शेठना जवळून दाखवलं. शेठनी बघितलं. त्याच आठवड्यात ते दवाखान्यात भरती झाले.

फाल्गुनात मेंढरांचा तळ पुन्हा आमच्या रानात पडला होता, तेव्हा एक गाडी कडेला येऊन थांबली. वीरधवलशेठ आणि त्यांची बायको उतरली. शेठच्या गळ्यालाही आता पांढरा रुमाल होता. झडप बसून फार दिवस झाले नव्हते, एक शब्द नीट निघायचा, दुसरा वाऱ्यात जायचा. बाळासोंनी त्यांना बाभळीच्या सावलीत घोंगडी टाकून दिली. शेठना काहीतरी सांगायचं होतं, म्हणून ते दम घेऊन अंगठा लावत होते. पण तेवढ्यात बाळासोंनाही काहीतरी सांगायचं असायचं.

"आवं, एकेकानं बोला की," मनुबाई चुलीपासून ओरडल्या. "दोघांचं बी कळंना झालंय."

दोघंही थांबले आणि एकमेकांकडं बघत खांदे हलवायला लागले. मी चहाच्या कपबश्या घेऊन गेले तेव्हा बाळासो शेठना मेंढरं दाखवत होते; कुठली काळी, कुठली यंदाची, कुणाच्या पोटात कोकरू आहे. शेठना त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ते मान हलवत होते. थोड्या वेळानं ते बाळासोंकडं वळले आणि हात पुढं केला. त्यांना माईक हवा होता. बाळासोंनी तो सोडून त्यांच्या हातात दिला. शेठनी अंगठा दाबला आणि सगळा दम लावून मेंढरांना हाक मारली.

एकही मेंढरू वळलं नाही. पण शेठचा आवाज रानाच्या पार पलीकडच्या बांधावर गेला. त्यांची बायको तिथं हरभरा निवडायला बसलेल्या बायकांशी बोलत होती. तिनं वळून बघितलं, पदर सावरला आणि ती त्यांच्याकडं चालत यायला लागली.